पेशींमधले तपासनीस

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात संस्थेच्या गच्चीवर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कमिटीने मला विषय देताना एकच अट घातली, "कॅन्सरवर बोला, पण कुणाला घाबरवू नका." म्हणून मी आज कॅन्सर कसा होतो, यापेक्षा तो आपल्यापैकी बहुतेकांना रोज का होत नाही, हे सांगणार आहे.

आपल्या सोसायटीत प्रेसमधून रिटायर झालेले सभासद आहेत. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. तिथे छपाई जितकी महत्त्वाची, तितकीच तपासणी. एखादी नोट सदोष निघाली की ती बाद होते, आणि तिच्या जागी क्रमांकात तारा असलेली नोट बंडलात जाते. म्हणजे यंत्र कधीच चुकत नाही असं नाही. चुकलेला माल दाराबाहेर जाऊ देत नाहीत.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी दोन होताना हेच करते. तिच्यात ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. त्यांत मिळून सुमारे ६०० कोटी अक्षरांचा डीएनए असतो. पेशी दुभंगण्याआधी या सगळ्याची नक्कल करावी लागते. नक्कल करणारं यंत्र साधारण लाखभर अक्षरांमागे एखादी चूक करतं. ते स्वतःच मागे वळून बरीचशी दुरुस्त करतं. उरलेल्या चुका दुरुस्ती करणारी प्रथिनं शोधून काढतात. शेवटी १०० कोटी अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक उरते. एवढा अचूक कारकून कुठल्याही ऑफिसात मिळणार नाही!

या सगळ्यावर देखरेख करणारी काही जनुकं आहेत. त्यांना ट्यूमर सप्रेसर जनुकं म्हणतात, म्हणजे गाठ होऊ न देणारी. त्यांतल्या तिघांची ओळख करून देतो.

पहिलं आरबी. हे १३ व्या गुणसूत्रावर असतं आणि फाटकावर उभं असतं. वाढीचा योग्य निरोप आल्याशिवाय ते पेशीला नकला काढायला सुरुवातच करू देत नाही.

दुसरं पी-५३. हे १७ व्या गुणसूत्रावर आहे, शोध लागला १९७९ मध्ये. डीएनए तुटला की हे काम थांबवतं, "आधी दुरुस्ती, मग पुढे." नुकसान दुरुस्तीपलीकडचं असेल तर त्या पेशीला चक्क मरायला लावतं. एक पेशी गेली तरी चालेल, पण बिघडलेली प्रत पुढे जाता कामा नये. माणसाच्या निम्म्याच्या आसपास कॅन्सरांमध्ये हेच जनुक बिघडलेलं सापडतं. हत्तीचं शरीर एवढं अवाढव्य, पेशी कितीतरी जास्त, तरी त्याला कॅन्सर कमी होतो. २०१५ मध्ये कळलं की हत्तीकडे या जनुकाच्या सुमारे २० जोड्या आहेत, आपल्याकडे एकच.

तिसरी बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की ते बिनचूक सांधायच्या कामात यांचा हात असतो.

याशिवाय वाटणीच्या वेळी आणखी एक तपासणी होते. प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंनी धागे जोडले गेले आहेत ना, हे पाहिलं जातं. एक जरी सुटं राहिलं तरी बाकीची सगळी थांबतात. ही तपासणी चुकली तर एका पेशीत ४७ आणि दुसरीत ४५ अशी विषम वाटणी होऊ शकते.

आता प्रश्न येतो, मग गाडी अडते कुठे? बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. आपल्या टाकीच्या पाइपवर एकापुढे एक दोन वाल्व्ह आहेत असं समजा. एक बिघडला तरी दुसरा पाणी अडवतो. दोन्ही गेले तरच टाकी वाहते. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन या अमेरिकन डॉक्टरांनी लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरचा अभ्यास करून हे मांडलं. काही मुलं जन्मतःच एक वाल्व्ह नादुरुस्त घेऊन येतात, म्हणून त्यांना तो आजार लवकर, आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत होतो. नातवंडाच्या फोटोत बुबुळाच्या मध्यभागी पांढरी चमक दिसली तर कॅमेऱ्याला दोष देऊन गप्प बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

आपल्या महाराष्ट्राने या विषयात जगाला दिलेली एक गोष्ट सांगतो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू मोठा लबाड. त्याचं एक प्रथिन पी-५३ नष्ट करवतं, दुसरं आरबीला अडकवून ठेवतं. म्हणजे दोन्ही तपासनीस एकदम खोलीत कोंडले! पण पुढचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि तेवढा वेळ आपल्या हातात असतो. १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सोबतीने, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन एक अभ्यास केला. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी देऊ केली, त्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. २००९ मध्ये हे निष्कर्ष जगभर गाजले. शेतात राबणाऱ्या त्या बायकांनी तपासणीला होकार दिला, म्हणून जगाला हे कळलं. आपल्या वहिनी, काकू, लेकी इथे हॉस्पिटलांच्या इतक्या जवळ राहतात, त्यांनी "मला काही होत नाहीये" म्हणून टाळणं बरं नाही. मुलींसाठी ९ ते १४ या वयात लस आहे. पुण्याच्या सीरमनेही ती बनवली आहे.

पुरुष मंडळींनी हसू नये. तंबाखूमधली रसायनं थेट डीएनएवर घाव घालतात, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये पी-५३ फार वेळा बिघडलेलं असतं. देवळालीच्या हवेसाठी लोक लांबून इथल्या सॅनेटोरियममध्ये येऊन राहिले. त्या हवेत राहून गालात पुडी धरायची, याला काय म्हणावं? मिश्री लावणाऱ्या आजींनाही हेच सांगणं आहे.

शेवटचा मुद्दा थोडा नाजूक आहे. आपल्याकडे घरात कुणाला कॅन्सर झाला की दार लावून बोलतात. मुलीचं लग्न व्हायचंय, पाहुण्यांना कळता कामा नये. आत्या कशाने गेली, हे भाचीला तिशीत पोचली तरी माहीत नसतं. पण बीआरसीएमधला बिघाड आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, आणि वडील स्वतः ठणठणीत असू शकतात. म्हणून आत्याचा आजार भाचीला माहीत असणं गरजेचं आहे. सगळेच कॅन्सर आनुवंशिक नसतात, थोडेच असतात. पण एकाच घरात दोघी-तिघींना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल, किंवा अगदी तरुण वयात झाला असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये अशा कुटुंबांना सल्ला देणारा स्वतंत्र विभाग आहे. आणि एक लक्षात ठेवा, नादुरुस्त प्रत घेऊन जन्माला येणं हे कुणाचं पाप नाही, कुणाच्या घराण्याचा डागही नाही.

या दिवाळीत भावंडं जमतील, तेव्हा फराळ झाल्यावर एक वही घ्या. आजोबा, आजी, काका, आत्या, मामा, मावशी, कुणाला काय झालं आणि कितव्या वर्षी, एवढंच लिहा. ज्यांना आठवतं ती माणसं आज आपल्यात आहेत, तोवरच हे होईल. पंचवीस वर्षांचे हिशेब आपल्या सोसायटीने जपून ठेवलेत, घरचा हा एक हिशेब आपण प्रत्येकाने ठेवावा.

चहा तयार आहे, आणि शंका असतील त्या चहासोबत जरूर विचारा.