देणगीचा पैसा कशासाठी मागावा?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाने एखाद्या प्रतिष्ठानाकडे अनुदानासाठी अर्ज करावा की नाही, यावर गेल्या दोन बैठकींत पुष्कळ वादावादी झाली. त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

काही जणी म्हणतात, लोकांपुढे हात कशाला पसरायचा? लिज्जतच्या भगिनींनी कुठे पसरला? हे अगदी खरे. १९५९ साली गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला आणि देणगी घ्यायची नाही असे ठरवले. मला त्यांचा आदरच वाटतो. पण पापडाला गिऱ्हाईक असते, बायांनो! अशक्त तान्ह्या बाळाचा श्वास मोजायला गिऱ्हाईक कुठून आणायचे? ज्या घरी ते बाळ जन्मते, त्या घरी द्यायला पैसाच नसतो.

गडचिरोलीचे पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतून बाया निवडल्या. शिक्षण म्हणाल तर पाचवी ते दहावी, म्हणजे माझ्यासारख्याच. त्यांना बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे, एवढेच नव्हे तर इंजेक्शन देणेही शिकवले. या कामाला फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकेतल्या प्रतिष्ठानांनी पैसा दिला. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या गावांच्या मानाने, पहिल्या महिन्यातले बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. पुढे २०११ पासून सरकारने आशाताईंमार्फत अशाच घरभेटी देशभर सुरू केल्या. अनुदान संपते, पण बाईच्या हाताला आलेली विद्या कोणी परत मागत नाही.

म्हणून आपल्या अर्जाच्या कच्च्या मसुद्यात खाऊचे पुडे वाटणे आणि फलक लावणे यांवर निम्मा खर्च धरला आहे, तो मला मुळीच पटत नाही. पुडा संध्याकाळी संपतो. (फलक मात्र राहतो, त्यावर आपले फोटो असतात ना!) त्यापेक्षा वस्तीतल्या चारजणींना गरोदर बायांचा आहार आणि तान्ह्या मुलांची निगा शिकवा. एक चांगला वजनकाटा घ्या. त्या चौघींना घरोघर फिरण्याचे मानधनही मागा; बाईचे श्रम फुकट धरायची रीत आपणच मोडली पाहिजे.

आता पैसा कुठला? परदेशी पैसा घेतलेल्या मोठ्या संस्थेला तो आपल्यासारख्या लहान मंडळाकडे वळवता येत नाही. २०२० च्या कायदेदुरुस्तीने ती वाट बंद झाली. परंतु २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. त्यांच्याकडे जाता येईल. मात्र ते आधी कागद पाहतात: नोंदणी, तपासलेले हिशेब, आयकराचे दाखले. आपल्या वह्या नीट आहेत, पण किरकोळ खर्चाच्या पावत्या अजून डब्यात कोंबलेल्या असतात. त्या या महिन्यात चिकटवून घ्याव्यात, अशी खजिनदारबाईंना विनंती आहे.

सुधारलेला मसुदा टेबलावर ठेवला आहे. चहाच्या आधी वाचा, आणि ज्यांचा विरोध आहे त्यांनी तोही त्याच कागदावर लिहावा.