टायरचे माप

बंगळूरच्या जे. सी. रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी झिजलेले टायर बदलण्यासाठी मी तेथे गेलो होतो. गतिरोधकावरून जाताना गाडीचे पोट घासते, ही माझी जुनी तक्रार. ती ऐकून दुकानदार म्हणाला, "साहेब, मोठे टायर घाला. याच रिमवर बसतात. गाडी उंच होईल." माझ्या टायरवर १६५/८० आर १४ असे माप होते, तो १८५/७० आर १४ देऊ करीत होता. मी जवळजवळ पैसे काढलेच होते. पण मास्तरकीची सवय आड आली आणि मी तेथेच पावतीच्या पाठीवर गणित मांडले.

श्रोतेहो, हे माप मोठे चमत्कारिक आहे. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंची सांगतो. पण उंची म्हणून नव्हे, रुंदीचे शेकडा प्रमाण म्हणून. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. शेवटी रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत! दशमान पद्धती आपल्याकडे येऊन इतकी वर्षे झाली, तरी चाकाच्या मधोमध इंच ठाण मांडून बसला आहे.

आता १६५चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. ही टायरच्या भिंतीची उंची. ती रिमच्या वर आणि खाली अशी दोनदा धरावयाची. त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळवले की चाकाचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. दुकानदाराच्या 'मोठ्या' टायरचा भरला ६१५! टायर रुंद खरा, पण गाडी अडीच मिलिमीटर खालीच बसली असती. व्यास कितीही वाढला, तरी गाडी त्याच्या निम्म्यानेच उचलली जाते, हेही ध्यानात असावे.

"मग १८५/८० घाला," तो म्हणाला. त्याने गाडी १६ मिलिमीटर उचलली गेली असती, यात शंका नाही. पण चाकाचा घेर पाच टक्क्यांनी वाढतो. वेगमापक चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजीत नाही. तो ८० दाखवील तेव्हा गाडी ८४ने धावत असेल. पुण्यापर्यंतचा सुमारे ८४० किलोमीटरचा प्रवास तो ८००चाच सांगेल. हे एक वेळ चालेल. परंतु दिवाळीला घरची मंडळी आणि सामान भरून निघावे, वळणावर चाक पुरते वळवावे आणि टायर मडगार्डला घासू लागावा, हा प्रसंग दुकानासमोर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत दिसत नाही. जाणकार व्यासात तीन टक्क्यांहून अधिक फरक चालू देत नाहीत, तो याचसाठी.

रिमसुद्धा बदलून १८५/६५ आर १५ घेतले, तर व्यास ६२१.५, म्हणजे जवळजवळ तोच. हे माप जुळणारे आहे. पण भिंत १३२वरून १२० मिलिमीटरवर येते, आणि आमच्या रस्त्यांवरील खड्ड्यांचा धक्का सोसण्यास तेवढे रबर कमी उरते. शिवाय स्टेपनी जुन्याच मापाची राहते.

मापापुढे आणखी एक आकडा असतो, तो भाराचा. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. मूळ टायरवर असेल त्याहून हा आकडा कमी घेऊ नये. स्वस्ताईच्या भरात नेमका तोच पाहावयाचा राहतो. दाराच्या चौकटीवर कारखान्याने चिकटवलेली पट्टी तर फारच थोडे लोक वाचतात.

मी जुन्याच मापाचे चार टायर घेतले. दुकानदार थोडा खट्टू झाला, पण पावतीवरचे गणित त्याने ठेवून घेतले. गाडीत पाच माणसे असली की आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर तिचे पोट अजूनही घासते. तेवढ्यापुरती मागची मंडळी उतरून चालत येतात.