तुरीचं मूळ आडवं का गेलं?

आज बोलूया अवजाराच्या पात्याच्या आकाराबद्दल. विषय छोटा वाटेल, पण आमचं अख्खं पीक त्यात अडकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या काळ्या रानातली तूर ऐन फुलोऱ्यात सुकायला लागली. वडील म्हणाले, "मर रोग आलाय." खोड चिरून पाहिलं, आत काळ्या रेषा नव्हत्या. मग झाड मुळासकट खणून काढलं. तुरीचं सोटमूळ सरळ खोल जातं ना? हे पाच इंचांवर काटकोनात वळून आडवं गेलेलं! वर भुसभुशीत माती आणि खाली जणू फरशी. पाऊस आला की पाणी त्या थरावर तुंबायचं, उघडीप पडली की मुळांना खालची ओल मिळायची नाही.

आम्ही सलग पाच-सहा वर्षं रोटाव्हेटरच मारत होतो. एका फेरीत रान तयार, भाडंही वाचतं. पण त्याची बरीचशी पाती इंग्रजी 'एल' अक्षरासारखी असतात. फिरताना ती ढेकळांचं पीठ करतात आणि 'एल'चा आडवा भाग दर वेळी त्याच खोलीवर माती घासतो, दाबतो. रान ओलं असेल तर गवंडी थापीनं गिलावा गुळगुळीत करतो ना, तशी मातीची छिद्रं बुजतात. त्यात ट्रॅक्टरचं वजन. वरचं पीठही जोराच्या पावसात बसतं आणि वाळलं की पापडी धरतं. मग कोंब बाहेर येणार कसा?

दोष एकट्या रोटाव्हेटरचा नाही. पलटी नांगरही दरवर्षी त्याच खोलीवर चालवला, तर त्याच्या तळाशी असाच थर बसतो. आजोबांच्या वखराची पास मात्र वरच्या दोन-तीन इंचांत आडवी सरकते. तण कापते, माती जागेवरच मोकळी करते, पीठ करत नाही.

मग हा थर फोडायचा कशानं? सबसॉयलरनं. अरुंद उभा दांडा, खाली टोकदार फाळ. माती न उलटता तो थर खालून उचलून तडकवतो. पण रान खोलवर कोरडं हवं. ओल्यात तो नुसती चीर पाडतो, आणि डिझेल वाया.

गेल्या मे महिन्यात आम्ही तो चालवला. आता वडिलांचा एकच नियम आहे: अवजार जेवढं खोल जाणार, तिथली मूठभर माती घ्यायची, गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा आला. नुसता चपटा झाला तर ट्रॅक्टर घरी.

यंदा मुळं सरळ गेली का, ते काढणीला खणून बघणार आहे. तुम्हीही या हंगामात एक झाड खणून बघा, आणि मूळ कुठे वळलंय ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!