आरोग्याची शिदोरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पीण्या येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि शिवचरित्र अशा विषयांनी नटलेल्या या व्याख्यानमालेत, कारखान्यांतून हिंडण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरला बोलावून आपण थोडे धाडसच केले आहे. परदेशी जाताना आपल्या दुखण्याखुपण्याची कागदपत्रे कशी न्यावीत, हा विषय कार्यवाहांनी सुचविला, तेव्हा तो फार रुक्ष वाटेल अशी शंका मी बोलून दाखविली. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रुक्ष असला तरी चालेल, उपयोगी असू द्या." त्यांच्या आज्ञेला मान देऊन मी उभा आहे.

पीण्याची ही वसाहत १९७० नंतरच्या दशकात तुमकूर रस्त्यालगत आकारास आली. शेजारच्या जालहळ्ळीत एच.एम.टी. आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सरकारी कारखाने १९५० नंतरच्या दशकापासूनच उभे होते. त्यांच्या आश्रयाने लहानमोठे शेकडो उद्योग येथे वाढले आणि १९७८ साली पीण्यातील उद्योजकांची संघटनाही स्थापन झाली. लेथ, फाउंड्री, ग्राइंडिंग, प्लेटिंग अशा कामांत हात बसलेली आपली माणसे बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडून येथे आली, ती एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन. त्या ट्रंकेत आजाराचा कागद नसे, आणि त्याची गरजही भासत नसे. येथे एकदा ओळखीचा डॉक्टर मिळाला की तोच तीस-तीस वर्षे घर सांभाळी. कोणाला कोणते औषध सोसत नाही, कोणाच्या आईला मधुमेह होता, हे सारे त्याच्या डोक्यात असे.

आता काळ पालटला. २०१४ पासून पीण्यावरून मेट्रो धावते आहे, आणि ज्यांनी येथे यंत्रे चालविली त्यांची मुले अमेरिकेत, जर्मनीत, आखाती देशांत नोकरीस आहेत. नातवंडांच्या ओढीने आईवडीलही सहा सहा महिने तिकडे जाऊन राहतात. सामानात लोणची, भाजणी, देवघरातली तसबीरही जाते. परंतु डॉक्टरच्या डोक्यात असलेली माहिती विमानात बसत नाही. ती कागदावर उतरवून सोबत घ्यावी लागते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. एका उदाहरणाने कळले, आणि त्या उदाहरणात चूक माझी आहे.

आपल्यापैकीच एक कोल्हापूरकडील गृहस्थ. त्यांनी येथील फाउंड्रीत बावीस वर्षे फेटलिंगचे काम केले. ओतून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू छिन्नीने व ग्राइंडरने काढून टाकणे, हे ते काम. त्यात वाळूची अतिशय बारीक धूळ उडते आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन बसते. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी छातीचा एक्स-रे काढून मला दाखविला. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागांत बारीक गाठींसारखे डाग होते. "हे जुने, धुळीचे डाग आहेत. घाबरू नका," असे मी तोंडाने सांगितले. कागदावर एक ओळही लिहून दिली नाही. निदान पक्के करण्यासाठी त्यांना मोठ्या रुग्णालयात धाडावयास हवे होते, तेही केले नाही. पुढे घर बदलताना ती फिल्म रद्दीबरोबर भंगारवाल्याकडे गेली.

दहा वर्षांनी ते मुलीकडे अमेरिकेत गेले. तेथे ताप आला, खोकला झाला, एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी विचारले, "धूम्रपान करता का? क्षय झाला होता का?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आले. "काय काम करीत होता?" असे कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी मुलीने "फॅक्टरीत होते" एवढेच सांगितले असते, कारण तिला तेवढेच ठाऊक होते. डाग नवे की जुने, हे ठरविण्यास जुनी फिल्म नाही. कर्करोगाचा संशय धरणे त्या डॉक्टरांना भागच होते. त्यांनी छातीत सुई घालून तुकडा काढला. त्या वेळी फुप्फुसातून हवा गळू लागली आणि छातीत नळी घालून त्यांना अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. आजार पूर्वीचाच आहे, असे म्हणून विमा कंपनीने हात वर केले. तुकड्याच्या तपासणीत निघाले ते वाळूच्या धुळीने पडलेले व्रण, म्हणजेच सिलिकोसिस. मी एका ओळीत लिहून देऊ शकलो असतो, ते त्यांच्या छातीत सुई घालून वाचावे लागले.

म्हणून सोबत काय न्यावे, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे एका पानाचे पत्रक. जाडजूड फाईल कोणी वाचीत नाही. कोणते आजार, कोणत्या वर्षापासून. कोणत्या शस्त्रक्रिया, कोणत्या साली. कोणते औषध वर्ज्य. चालू औषधे व त्यांचे प्रमाण, एवढे इंग्रजीत एका पानावर लिहून घ्यावे आणि त्याखाली आपल्या डॉक्टरची सही व शिक्का असावा. औषधाचे दुकानातले नाव पुरेसे नाही, आतील द्रव्याचे नाव लिहावे. तेथेही घोटाळा होतो. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन होते, दम्याचे सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होते, मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड ग्लायब्युराइड होते. ही दोन भिन्न औषधे समजून एकाच औषधाची दुप्पट मात्रा पोटात जाऊ शकते.

आकडे लिहिताना त्यांची मापे लिहावीत. आपल्याकडे आणि अमेरिकेत रक्तातील साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे मिलिमोलमध्ये. आपल्या आकड्यास अठराने भागले की तेथला आकडा येतो, म्हणजे १८० चे १० होतात. तारखेत महिना अक्षरांनी लिहावा. ४-३-२०१९ ही आपली ४ मार्च अमेरिकेत ३ एप्रिल म्हणून वाचली जाते.

एक्स-रे, स्कॅन यांचा केवळ अहवाल नेऊन भागत नाही, मूळ चित्रही हवे. जुन्या चित्राशी नवे ताडून पाहता येणे, यातच त्याचे मोल आहे.

दुसरी गोष्ट मुलांची. लसींचे कार्ड हरविले तर परदेशी शाळेत प्रवेशाच्या वेळी टोचण्यांची उजळणी होते. कार्ड असले तरी ते नीट वाचून घ्यावे. सरकारी कार्यक्रमातील एम.आर. लस, जी २०१७ साली कर्नाटकासह काही राज्यांत प्रथम सुरू झाली, ती गोवर व रुबेला यांची आहे. अमेरिकेतील शाळा एम.एम.आर. मागतात, त्यात गालगुंडाची लसही येते. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही. हे निघण्यापूर्वी कळले तर घाई टळते.

तिसरी गोष्ट भगिनींना उद्देशून आहे. आपल्या घरांतून पुरुषाची फाईल जाड असते आणि गृहिणीची मुळीच नसते. "पिशवी काढली आहे," एवढेच ती सांगू शकते. कशासाठी काढली, त्याबरोबर अंडाशये काढली की ठेवली, गाठीच्या तपासणीत काय निघाले, हे तेथील डॉक्टर विचारतात आणि त्यावर पुढचे उपचार ठरतात. त्या शस्त्रक्रियेचा कागद आजच शोधावा.

कागद मागण्याचा संकोच नसावा. रुग्णाला त्याच्या कागदांच्या प्रती देणे गोपनीयतेच्या नावाखाली नाकारता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावयाचे असतात. मात्र दाखल झालेल्या रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षेच जपण्याचे बंधन त्या नियमांत आहे. म्हणून मागावयाचे ते वेळेवर मागावे. २०२१ पासून देशभर चौदा अंकी 'आभा' क्रमांकाची सोय झाली आहे. ती जरूर घ्यावी. परंतु परदेशी डॉक्टरपुढे आपल्या हातातली प्रतच उपयोगी पडते.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपण कोणते काम केले, ही आपल्या आरोग्याचीच नोंद आहे. पीण्यातल्या माणसाला ती विसरून चालणार नाही. सिलिकोसिस धूळ थांबल्यावरही वाढत राहतो, आणि अशा फुप्फुसाला क्षयाची बाधा अधिक होते. क्रोम प्लेटिंगच्या वाफांनी नाकाच्या पडद्याला भोक पडते. प्रेस व फोर्जिंगच्या आवाजाने आलेला बहिरेपणा म्हातारपणाचा समजला जातो. १९४८ च्या कारखाना कायद्यात हे रोग कळविण्याजोगे म्हणून नोंदविले होते. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, त्यात आणखी एक कलम घालण्यात आले. घातक प्रक्रियांच्या कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याची नोंद ठेवावी आणि ती कामगाराला पाहावयास मिळावी, असे ते कलम होते. आता त्या कायद्याच्या जागी कामगार संहिता आली आहे. कायद्याचे नाव कोणतेही असो, लहान कारखाना बंद पडला की त्याची नोंदवहीही जाते. पगार वाढून कामगार विम्याच्या मर्यादेबाहेर गेलेला माणूस खासगी डॉक्टरकडे जातो, आणि दवाखान्यातली त्याची नोंद मागेच राहते. एकाच माणसाचे आयुष्य असे तीन-चार ठिकाणी विखुरते, आणि कोठेच पुरे सापडत नाही.

तेव्हा ही नोंद आपणच करावी. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणते काम, कोणती धूळ वा रसायन, तोंडाला मास्क असे की नसे, एवढ्या चार ओळी पुरेत. हे तेथे कोणी विचारणार नाही, म्हणूनच ते लिहून न्यावयाचे. आणि मुलांनाही सांगावे. बाप नेमके काय काम करीत होता, हे ठाऊक नसलेली मुले माझ्या पाहण्यात फार आहेत. आपल्या शिक्षणाचा पैसा कोणत्या धुळीतून आला, हे त्यांना कळले तर त्यात कमीपणा मुळीच नाही.

मंडळापुढे एक विनंती ठेवतो. दरवर्षी संक्रांतीच्या तिळगूळ समारंभाला आपण सारे जमतो. त्या दिवशी तासभर काढून तरुण सभासदांनी वडीलधाऱ्यांजवळ बसावे, त्यांच्याकडून ही माहिती विचारून घ्यावी आणि पत्रके भरून द्यावीत. तपासून सही करण्याचे काम, हातपाय चालतात तोवर, मी करीन. खर्च कागदापुरताच आहे.

ज्या गृहस्थांची हकीकत सांगितली ते परत आले आहेत. जिना चढताना त्यांना धाप लागते; तो आजार बरा होणारा नाही. त्यांचे पत्रक मी भरून दिले, आणि "बावीस वर्षे फाउंड्रीत फेटलिंग" ही त्यावरची पहिली ओळ आहे. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. खिशात पत्रक ठेवीत एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे आधी दिले असते तर बरे झाले असते." आज त्यांच्या परवानगीने ही हकीकत आपल्यापुढे ठेवली. आपल्यापैकी कोणावर माझ्या डॉक्टरबंधूंना असे म्हणण्याची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे.