पाहुण्याची मुदत आणि यजमानाची हमी



‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण आपणा सर्वांच्या तोंडची आहे. पण पाहुणा परदेशचा असला आणि तिसऱ्या दिवसाच्या जागी व्हिसाची मुदत आली, म्हणजे विनोद संपतो व कायदा सुरू होतो. असा पाहुणा मुदत उलटून राहिला तर जबाबदारी त्याची एकट्याची, की त्याला बोलावणाऱ्या यजमानाचीही? प्रत्येक परदेशी पाहुण्यामागे एक स्थानिक जामीनदार असावा आणि पाहुणा परत न गेल्यास त्याला जाब विचारावा, असा विचार अनेक देशांत मांडला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, हे आज पाहावयाचे आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून सुमारे एक लाख निर्वासित आले, आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तेथला पत्ता ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतात. माणसे आली, पण सारे आप्त आले नाहीत. कोणाची बहीण सक्करला राहिली, कोणाचा चुलता हैदराबाद सिंधला. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवानापद्धत सुरू झाली. तात्पुरत्या भेटीचा परवाना वेगळा आणि कायम वस्तीचा वेगळा. ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट व व्हिसा आले. म्हणजे ‘भेटीस आलेला’ आणि ‘राहावयास आलेला’ हा भेद आपल्या सरकारने अगदी आरंभीच ओळखला होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सारा गुंता तो भेद पुसला गेल्यामुळे होतो.

पाकिस्तानी पाहुण्याच्या बाबतीत जामीनदाराची पद्धत आपल्याकडे होतीच. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर हे व्हिसे बंद झाले. तोपर्यंत येथल्या आप्ताला आपले नाव, पत्ता, नाते लिहून द्यावे लागे आणि त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची किंवा तहसीलदारासारख्या कोणाची सही घ्यावी लागे. व्हिसावर गावांची नावे लिहिलेली असत. उल्हासनगरचा व्हिसा घेऊन पुण्यास जाता येत नसे. सामान्यतः आल्यावर चोवीस तासांत पोलिसांत नोंद करावी लागे, निघतानाही करावी लागे.

इतका बंदोबस्त असूनही माणसे मुदत उलटून का राहतात? काही लबाडीने राहतात, हे कबूल केलेच पाहिजे. पण सिंधमधला हिंदू पुष्कळदा भेटीच्या व्हिसावर येई तो मनात कायमचे राहण्याचे धरूनच, कारण यावयास त्याला दुसरे दारच ठाऊक नसे. अशांसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने नागरिकत्वाच्या अर्जांचे अधिकार ज्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले त्यांत ठाण्याचे होते, आणि २०१९ च्या दुरुस्ती कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले. पण त्या कायद्याची तारीख ३१ डिसेंबर २०१४ ही आहे. तिच्यानंतर आलेल्यास ती वाट नाही. आता समजा, असा माणूस येथेच राहिला, आणि ज्या मामाने सही केली त्याला आपण दंड केला. मामाने काय करावयाचे होते? भाच्याला दोरीने बांधून वाघ्याच्या फाटकापर्यंत न्यावयाचे होते काय?

परदेशांत काय घडले तेही पाहू. ऑस्ट्रेलियात नातेवाइकांनी पुरस्कृत केलेल्या भेटीच्या व्हिसासाठी पाच ते पंधरा हजार डॉलरांची अनामत मागता येते, आणि पाहुण्याने अटी मोडल्या तर ती जप्त होते. बदलापूर-अंबरनाथच्या ज्या आईवडिलांची मुले तिकडे आहेत, त्यांना अशा अनामतीचा अर्थ सांगावयास नको. ब्रिटनने २०१३ साली भारतासह काही देशांच्या पाहुण्यांकडून तीन हजार पौंड घेण्याचे योजिले, आणि त्याच वर्षी ते सोडून दिले. आखाती देशांत जामीनदार हा मालकच असे. आपल्या कामगाराचा पासपोर्ट त्याने पेटीत ठेवावा, ही तिथली जुनी रीत होती. जामीनदाराच्या हाती जबाबदारीबरोबर सत्ता दिली की तो यजमान न राहता जेलर होतो, हा त्याचा धडा आहे.

मग जामीनदार नकोच काय? माझे मत तसे नाही. कागदावर सही करताना माणूस दोनदा विचार करतो, आणि एवढ्यानेही पुष्कळ लबाडी उंबरठ्यावरच थांबते. परंतु हमी कशाची, हे स्पष्ट हवे. माहिती खरी आहे, पाहुणा माझ्या घरी उतरेल, त्याच्या अन्नाची व परतीच्या तिकिटाची सोय आहे, आणि तो गेला नाही तर मी त्वरित कळवीन, इतक्या गोष्टी यजमानाच्या हातच्या आहेत. दुसऱ्याची इच्छा त्याच्या हातची नाही.

आपल्या फौजदारी कायद्यात याला उत्तम उदाहरण आहे. आरोपीसाठी जामीन राहिलेला मनुष्य न्यायालयात जाऊन ‘मला यातून मोकळे करा’ असा अर्ज करू शकतो. मग आरोपीला बोलावून नवा जामीन मागण्याचे काम न्यायालयाचे. चोराच्या जामीनदाराला जी सवलत मिळते, ती मामाला का नसावी? वेळेवर खबर देणारा यजमान मोकळा, आणि जाणूनबुजून लपविणारा दोषी, असा नियम असला म्हणजे पुरे. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी!

आणखी एक धोका. जामिनाची रक्कम मोठी केली की गरिबाचा पाहुणा येणेच बंद होते, आणि श्रीमंताला भाड्याचे जामीनदार मिळतात. कोर्टाच्या आवारात धंदेवाईक जामीनदार कसे उभे असतात, हे आपण जाणताच.

१ सप्टेंबर २०२५ पासून देशात परकीयांविषयीचा नवा कायदा लागू झाला आहे, आणि मुदत उलटून राहणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. कायदा कडक असावा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो दारांच्या संख्येचा. भेटीस येणाऱ्याला एक दार, राहावयास येणाऱ्याला दुसरे, आणि दोन्हींवर स्वच्छ पाट्या, असे असेल तर जामीनदाराच्या सहीला मोल राहील. एकच दार ठेवून त्यावर शेजारच्या माणसाला पहारेकरी नेमले, तर पाहुणा लपेल, यजमान घाबरेल, आणि पुढच्या वेळी खऱ्या पाहुण्यासाठीही कोणी सही करणार नाही.

छावणीतून शहर उभे केलेल्या लोकांचे आपण शेजारी आहोत. कोणी आपल्याकडे अशा कागदावर सही मागितली, तर ती वाचून करा, खरी करा, आणि केल्यावर पाळा. आणि त्याचबरोबर सरकारकडे ठामपणे मागा की, जी गोष्ट आमच्या हातची आहे तिचाच जाब आम्हांला विचारा.