कवीचे घर आणि तांब्याचा पत्रा

आज एका छापील चित्राविषयी बोलायचे आहे. चित्र आहे अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीच्या घराचे. पोप १७४४ मध्ये वारला, तेव्हा आपले मोरोपंत पंधरा वर्षांचे होते. पुढे दोघांचे काम एकाच जातीचे ठरले. पोपने होमरचे 'इलियड' इंग्रजी द्विपद्यांत आणले, पंतांनी महाभारत मराठी आर्येत.

'इलियड'ने पोपला भरपूर पैसा दिला. त्यातून त्याने लंडनबाहेर, ट्विकनहॅमला, थेम्स नदीकाठी घर सजवले. मात्र तो कॅथलिक होता आणि त्या काळच्या कायद्याने कॅथलिकाला जमीन विकत घेता येत नसे. एवढा गाजलेला कवी, पण या घरात अखेरपर्यंत भाडेकरूच राहिला. भाड्याची खोली शोधताना ज्यांना आधी आडनाव विचारले जाते, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

१८०७ मध्ये बॅरोनेस हाउ या बाईंनी ते घर घेतले. कवीचे घर पाहायला येणाऱ्यांचा त्यांना जाच होई, म्हणून त्यांनी ते पाडूनच टाकले. पाडकाम चालू असताना टर्नरने ते रंगवले आणि १८११ मध्ये जॉन पाय याने ते चित्र धातूच्या पत्र्यावर कोरले. टोकदार हत्याराने रेघ खोदायची, खाचेत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद दाबून उचलायचा. उजेड दाखवायचा तोही काळ्या रेघा दाट-विरळ करूनच. पायने नदीवरचा उजेड असा उतरवला की खुद्द टर्नर खूश झाला. घर गेले, पण पत्र्यावरून निघालेले कागद घरोघर पोचले.

मोरोपंत पन्हाळ्याहून बारामतीला आले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. नाईकांचा वाडा कऱ्हेकाठी आजही आहे. पंतांची ओसरी, पोथ्यांचे फडताळ मात्र आपण मनातच रचायचे. मला चुटपुट लागते ती वेगळीच. पंत हयात असतानाच पुण्यात गंगाराम तांबट नावाचा मराठी चित्रकार इंग्रज वकील मॅलेटसाठी चित्रे काढत होता. त्याने वेरूळची लेणी काढली, पेशव्यांचा गेंडासुद्धा काढला! त्याला ज्याच्या हाताखाली शिकायला मिळाले, त्या जेम्स वेल्सची वेरूळची चित्रे १८०३ मध्ये लंडनमध्ये कोरून छापली गेली. पुण्याहून बारामती शंभर किलोमीटर. हात होता, कागद होता, कवीही होता. पण देऊळ काढावे, दरबार काढावा, गेंडा काढावा. कवीचे घर काय काढायचे?

आणि कवीचेच कशाला? शेजारच्या इंदापूर तालुक्यात जुने पळसदेव गाव उजनीच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसनाथाचे दगडी देऊळ वर येते आणि मोबाइल घेऊन गर्दी लोटते. तिथे एका आजोबांनी मला काठीने चिखलात रेघा ओढून दाखवले होते: हा आमचा उंबरा, ही चूल, इथे गोठा. नातू शेजारीच उभा होता, देवळाचा फोटो काढत.