प्रश्नाची किंमत



विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत आहे, हे १९९८ साली उघडकीस आले. त्यामागील अज्ञात कारणास ‘कृष्ण ऊर्जा’ म्हणतात. ती सदैव सारखीच राहते, असे बहुतेकांनी गृहीत धरले. परंतु पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील वरुण साहनी, तेथेच संशोधन शिकलेले इराणचे अरमान शफीलू व रशियाचे स्टारोबिन्स्की यांनी २००९ साली विचारले, ही वेगवाढ मंदावत तर नाही ना? २०२५ मध्ये अमेरिकेतील ‘डेसी’ प्रकल्पाने सुमारे दीड कोटी दीर्घिका व क्वेसार तपासले. ही ऊर्जा क्षीण होत असावी, असे संकेत मिळाले. मात्र पुरावा अद्याप पक्का नाही.

पालकहो, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला वा मुलीला गप्प बसवू नका. दहावीनंतर त्यांचे विज्ञान थांबवू नका. खुदा हाफिज!